उपनगरांच्या वाटेने : स्वमग्न किशोरांचे मन आणि घरातली ज्येष्ठ नजर

मुंबईची उपनगरे रेल्वेच्या रुळांकाठी वाढली. पश्चिम मार्गावर बोरिवली आणि अंधेरी, मध्य मार्गावर घाटकोपर आणि मुलुंड, आणि या दोन रेषांना आडवी सांधणारी, ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली मेट्रो. सकाळी घरातली कमावती माणसे या रुळांवरून शहराकडे ओढली जातात आणि रात्री दमून परततात. मधल्या दहा-बारा तासांत शाळेची बस गाठणे, दुपारचे ताट वाढणे, संध्याकाळी मुलाला खाली बागेत नेणे ही कामे बहुधा आजी-आजोबांकडे असतात. ज्या घरात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले, नातवंड वाढते आहे तिथे तर ज्येष्ठांची ही सोबत त्या मुलाच्या दिवसाचा कणाच असतो.

असे मूल बारा-चौदा वर्षांचे होते, आवाज फुटतो, मिसरूड दिसू लागते, आणि एखाद्या घरात काही वेगळेच सुरू होते. मूल रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून घाबरते, जेवणात काहीतरी मिसळले आहे असे म्हणते, रात्र रात्र जागते. घरचे म्हणतात, ‘ऑटिझम वाढला.’ शेजारचे कुजबुजतात, ‘बाहेरचे काही असेल.’ दोन्ही उत्तरे चुकीची असू शकतात. स्वमग्न मुलाला सायकोसिस, म्हणजे भास आणि भ्रम यांमुळे वास्तवाशी असलेले नाते सुटण्याचा विकार, जडू शकतो. तो ओळखता येतो, त्यावर उपचार आहेत, आणि उपचार जितके लवकर सुरू होतात तितकी मूल सावरण्याची शक्यता वाढते. उलटपक्षी, तो नसताना आहे असे समजून दिलेली औषधेही मुलाला महागात पडतात. ही दुहेरी जोखीम मनात धरून आपण बोरिवलीहून मुलुंडच्या वेशीपर्यंत जाऊ.

बोरिवली : ज्याची त्याची घडण

बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य महानगराच्या कुशीत टिकून आहे, आणि त्याच्या पोटात कान्हेरीची शंभरावर बौद्ध लेणी आहेत. भल्या पहाटे येथे ज्येष्ठांची फेरी भरते. गाड्यांचे भोंगे मागे पडतात, पावलांखाली पाचोळा वाजतो. गोंगाटाने पिळून निघणाऱ्या स्वमग्न मुलाला अशा ठिकाणी मोकळे वाटते. ते हात फडफडवीत चालते, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते, एखाद्या पानाकडे बराच वेळ टक लावून राहते. पाहणारे वळून पाहतात. सोबतच्या आजोबांना त्याची सवय झालेली असते.

स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे. तिच्या खुणा पहिल्या काही वर्षांतच दिसतात : बोलण्याची, नजर देण्याची, मिसळण्याची निराळी रीत, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, आवाज-प्रकाश-स्पर्श यांची तीव्र किंवा मंद जाणीव. मूल स्वतःशी बोलते, ऐकलेले संवाद जसेच्या तसे उच्चारते. उपनगरात वाढलेली कितीतरी मुले लोकलच्या उद्घोषणा हुबेहूब म्हणून दाखवतात, आणि बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंतची स्थानके न चुकता सांगतात. डिसेंबर २०१६ मध्ये गोरेगाव आणि जोगेश्वरी यांच्या मध्ये राम मंदिर हे स्थानक उघडले, तेव्हा अशा मुलाची पाठ असलेली माळ विस्कटली असेल आणि ते चार दिवस अस्वस्थ झाले असेल, तर त्यात नवल नाही.

ही सारी त्या मुलाची मूळ चाल झाली. वैद्यकात ‘आहे त्या मुलाची नेहमीची पातळी’ फार मोलाची मानतात, कारण सायकोसिसची ओळख त्या पातळीशी तुलना करूनच पटते. शेजारच्या मुलाशी केलेली तुलना येथे उपयोगाची नाही. आपला नातू दोन वर्षांपूर्वी कसा होता, सहा महिन्यांपूर्वी कसा होता आणि आज कसा आहे, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर दवाखान्यात पंधरा मिनिटे मुलाला पाहणाऱ्या डॉक्टरांपेक्षा रोज त्याच्याजवळ असणाऱ्या आजीला अधिक ठाऊक असते.

अंधेरी : गोंगाटात ऐकू येणारे आणि न येणारे

अंधेरी स्थानकाच्या पुलावर संध्याकाळी उभे राहिले की मुंबईच्या गर्दीचे खरे माप कळते. पश्चिमेला थोड्या अंतरावर गिल्बर्ट हिल हा काळ्या बसाल्ट खडकाचा उभा सुळका आहे. सुमारे ६१ मीटर उंचीचा हा खडक ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडला. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे आणि चहूबाजूंनी इमारती अंगाशी आल्या आहेत. त्या दगडाला गोंगाट बाधत नाही. स्वमग्न मुलाला मात्र ट्यूबलाइटची बारीक घरघर, वरच्या मजल्यावरचे मिक्सर, दूरच्या कर्ण्यावरचे गाणे, हे सारे खरोखरच ऐकू येते. आपल्याला ते जाणवत नाही म्हणून त्याला भास होतो आहे असे ठरविणे अन्यायाचे.

येथे प्रश्न विचारण्याची रीत महत्त्वाची ठरते. समजा, आजी विचारते, “बाळा, तुला आवाज ऐकू येतात का रे?” नातू उत्तर देतो, “हो आजी, तुझा येतोय.” त्याने शब्दाचा नेमका अर्थ घेतला. पण एखाद्या घाईच्या तपासणीत एवढ्या ‘हो’वरून कागदावर ‘भास आहेत’ असे उतरू शकते. म्हणून प्रश्न लहान आणि ठोस असावेत : “खोलीत कुणी नसताना कुणी तुझ्याशी बोलतं का?”, “ते काय म्हणतं?”, “ते बाईचं बोलणं असतं की पुरुषाचं?”, “कान झाकले तरी येतं का?” बोलण्यापेक्षा चित्रांतून किंवा लिहून सांगणे सोपे जाते अशा मुलाला कागद-पेन्सिल द्यावी.

गल्लत होण्याच्या आणखी जागा आहेत. रेल्वे, ग्रहगोल, पंखे असा एखादा विषय मूल दिवसभर बोलत राहते. तो त्याचा आनंद असतो आणि त्याबद्दलची माहिती बहुधा अचूक असते. भ्रमात मात्र भीती किंवा विलक्षण महत्त्व शिरते : ‘लोकलच्या उद्घोषणेतून मला इशारे देतात’, ‘शिक्षिका माझ्या डोक्यातले विचार वाचतात.’ वर्गात ज्याची सतत टिंगल झाली ते मूल ‘सगळे माझ्याविरुद्ध आहेत’ म्हणते, तेव्हा ते कदाचित खरेच सांगत असते. आधी शाळेत चौकशी करावी. चेहऱ्यावर भाव कमी दिसणे हा अनेक स्वमग्न मुलांचा स्वभावच असतो. पण जो नातू आवडत्या गाडीच्या चित्राने फुलून येत असे, तो त्याच चित्राकडे महिनाभर पाहतही नाही, तेव्हा ती दखल घेण्याची बाब आहे.

ही गल्लत आजची नाही. ‘ऑटिझम’ हा शब्दच स्किझोफ्रेनियाच्या वर्णनातून जन्मला. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे आपल्याच विश्वात मिटून जाणे या शब्दाने वर्णिले. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना तोच शब्द घेतला, आणि पुढे कितीतरी वर्षे स्वमग्न मुलांवर ‘बालपणीचा स्किझोफ्रेनिया’ अशी चिठ्ठी लागत राहिली. ब्रिटनमध्ये इस्रायल कोल्विन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की अगदी लहानपणी सुरू होणारी अवस्था आणि पुढे भास-भ्रमांसह येणारा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन निदानसंहितेने १९८० मध्ये त्यांना वेगळे केले. वेगळे केल्यानंतर दुसरी चूक बळावली : एकदा ‘ऑटिझम’ लिहिले की पुढचे प्रत्येक लक्षण त्याच्याच खात्यात टाकायचे. आजची समजूत या दोन्ही टोकांच्या मधली आहे. दोन अवस्था वेगळ्या आहेत, पण एकाच मुलात एकत्र असू शकतात. २०१३ च्या निदानसंहितेनुसार स्वमग्न व्यक्तीला स्किझोफ्रेनियाचे निदान देण्यासाठी ठळक भ्रम किंवा भास किमान महिनाभर असावे लागतात. उपचाराने ते लवकर आटोक्यात आले तर मुदत कमी धरतात.

मेट्रोतून : बदलाची पाटी वाचताना

अंधेरीहून घाटकोपरकडे जाणारी मेट्रो चकाला, मरोळ नाका, साकी नाका असे करीत असल्फ्याला येते. खिडकीतून टेकडीवरच्या रंगीत भिंती दिसतात; २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी ही वस्ती रंगवली. संपूर्ण मार्ग साडेअकरा किलोमीटरांच्या आतला. स्वमग्न मुलांना मेट्रो बहुधा आवडते : दारे ठरलेल्या जागी उघडतात, उद्घोषणा ठरलेल्या शब्दांत होतात, पुढचे स्थानक पाटीवर दिसते. सायकोसिसचा मार्ग असा पाट्या लावून येत नाही, पण काही खुणा सांगता येतात.

पहिली खूण झोपेची. रात्रीचा क्रम मोडतो, मूल येरझाऱ्या घालते. दुसरी मागे सरण्याची : अभ्यास, आंघोळ, कपडे ही शिकून झालेली कामे सुटतात. तिसरी भीतीची : खिडक्या बंद करणे, पंख्यावर टॉवेल टाकणे, ठरावीक माणसाच्या हातचे पाणी नाकारणे. चौथी बोलण्याची : पूर्वी कमी पण सुसंगत बोलणारे मूल आता तुटक, संबंध न लागणारे बोलते. पाचवी अदृश्याशी संवादाची. पाठ असलेले संवाद म्हणणे वेगळे. मध्ये थांबून कुणाचे तरी ऐकणे, दचकणे, उत्तर देणे, कान दाबणे, हे वेगळे. जे मूल बोलतच नाही त्याच्या बाबतीत नजर कुठे जाते आणि चेहऱ्यावर भय येते का, एवढेच पाहता येते. म्हणून तिथे निदान अधिक सावधपणे करावे लागते.

वयही सांगते. तेरा वर्षांच्या आत सुरू होणारा स्किझोफ्रेनिया अत्यंत विरळ. असा आजार झालेल्या मुलांच्या अमेरिकन अभ्यासांत ३० ते ५० टक्के मुलांत आधीपासून स्वमग्नतेच्या गटातली लक्षणे आढळली होती. याचा अर्थ उलटा लावू नये : बहुसंख्य स्वमग्न मुलांना सायकोसिस कधीच होत नाही. पण इतर मुलांपेक्षा त्यांना त्याचा धोका अधिक असतो, आणि तो मुख्यतः किशोरवयाच्या उत्तरार्धात व तरुणपणी.

एक साधी वही ठेवावी. रोज चार ओळी : झोप किती, जेवण किती, काय नवे घडले, त्याआधी काय झाले होते. शक्य असल्यास मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रण करावे, मात्र ते डॉक्टरांशिवाय कुणाला दाखवू नये. दवाखान्यात मूल शांत बसले तर ही वही आणि हे चित्रणच बोलते.

घाटकोपर : आधी शरीर

मेट्रोच्या पुलावरून रेल्वेच्या पुलावर येणाऱ्या गर्दीतून वाट काढीत घाटकोपर पूर्वेला उतरले की मराठी आणि गुजराती पाट्यांचे जुने उपनगर सुरू होते. पालिकेचे राजावाडी रुग्णालय याच बाजूला. सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागते. रांगेत एका हाताने नातवाचे मनगट आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिकची फाइल धरलेले आजोबा दिसले, तर ती फाइल किती वर्षांची असेल असा विचार मनात येतो.

अशा मुलाला थेट मानसिक आजाराचे नाव देण्याआधी शरीर तपासणे आवश्यक आहे. ज्याला दुखणे सांगता येत नाही त्याची दाढदुखी, कानाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पोटदुखी ही आरडाओरड आणि डोके आपटणे या रूपात बाहेर येते. आपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, स्वमग्न मुलांत इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो आणि किशोरवयात नव्यानेही सुरू होतो. काही फिट अंग झटकून येत नाहीत. मूल क्षणभर हरवते, ओठ चाळवते, विचित्र वास किंवा दृश्य सांगते. म्हणून शंका असल्यास मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढतात. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, मेंदूला सूज आणणारे प्रतिकारशक्तीचे आजार यांचाही विचार होतो. चालू औषधांची यादी दाखवावी. स्टेरॉइड, लक्ष वाढविण्यासाठी दिलेली काही औषधे, काही फिटची औषधे यांनीही वागणे बिघडते. किशोरवयीन मुलाने गांजासारखे काही घेतले आहे का, हा प्रश्न अवघड वाटला तरी टाळू नये.

बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल, सोबत ताप, गुंगी, गोंधळ, मान ताठ होणे किंवा फिट असेल, तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ पाहत बसू नये. थेट तातडीच्या विभागात न्यावे.

येथे आणखी एका अवस्थेचे नाव ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे : कॅटाटोनिया. स्वमग्न किशोरांत ती सायकोसिसशिवायही येते. मूल हळूहळू मंदावते, दारात अडकून उभे राहते, घास हातात धरून तसेच बसते, एकाच स्थितीत गोठते, प्रत्येक हालचालीसाठी ‘उचल’, ‘चाल’ असे सांगावे लागते. घरचे त्याला आळस किंवा हट्ट समजतात. तिची पहिली औषधयोजना लोराझेपाम या गटातली असते, आणि सायकोसिसची नेहमीची औषधे दिली तर ती बिघडू शकते. मंदावण्याची ही हकिकत डॉक्टरांना कळणे म्हणूनच जिवाच्या मोलाचे ठरते.

मुलुंड : उपचार घरात येतात तेव्हा

घाटकोपरहून विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मग मुलुंड. एका बाजूला डोंगररांग, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि खाडी, मध्ये झाडांच्या सरळ रस्त्यांचे हे उपनगर. संध्याकाळी बाकांवर ज्येष्ठांच्या मैफली जमतात. उपचारांचा खरा प्रवास अशाच एखाद्या घरात, महिनोन्महिने चालतो.

सायकोसिसचे निदान पक्के झाले की औषध बहुतेक वेळा लागते. रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल ही त्यांतली नेहमीची नावे. हीच औषधे स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठीही देतात. अमेरिकेत त्या कारणासाठी पहिल्याला २००६ मध्ये आणि दुसऱ्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे चिठ्ठीत हे नाव दिसले म्हणजे सायकोसिसच आहे असे नाही; औषध कशासाठी दिले, हे स्पष्ट विचारावे. या औषधांनी मूळ स्वमग्नता जात नाही, तशी अपेक्षाही धरू नये. स्वमग्न मुलांना दुष्परिणाम लवकर जाणवू शकतात, म्हणून डॉक्टर अगदी कमी मात्रेने सुरुवात करून सावकाश वाढवितात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

औषध सुरू करण्यापूर्वी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी करून घ्यावी, आणि नंतर ठरलेल्या अंतराने पुन्हा. या औषधांनी भूक वाढते. ‘चार घास जास्त खातोय, बरं झालं’ असे आजीला वाटते; पण सहा महिन्यांत वजन भराभर वाढू शकते. पोळी-भाजी, उसळ, ताक असा आहार आणि रोजची चाल ही येथे औषधाइतकीच महत्त्वाची. मुलाला सतत अस्वस्थ वाटून एका जागी बसवत नसेल, हात कापत असतील, अंग ताठरत असेल, मुलीची पाळी चुकत असेल किंवा छातीतून स्राव येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवावे. मान किंवा डोळे एका बाजूला वळून अडकले, तर लगेच रुग्णालयात न्यावे; त्यावर उतारा आहे. ताप, अंग लाकडासारखे कडक होणे आणि भान हरपणे ही लक्षणे एकत्र आली तर ती आणीबाणी समजावी. औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. दोन औषधांनी गुण आला नाही तर तज्ज्ञ क्लोझापिनचा विचार करतात. त्यासाठी सुरुवातीला दर आठवड्याला रक्ततपासणी लागते.

औषधांबरोबर बाकीचे उपचारही हवेत. भीतीला तोंड देण्याचे शिक्षण स्वमग्न मुलाच्या भाषेत, चित्रे आणि दिनक्रमाचे तक्ते वापरून द्यावे लागते. शाळेने काही काळ ओझे कमी करावे. घरात आवाज खाली यावेत. मूल म्हणाले, “आजोबा, भिंतीत माणसं आहेत,” तर “वेड्यासारखं बोलू नको” म्हणू नये. “हो, आहेत” असेही म्हणू नये. “मला दिसत नाहीत रे, पण तुला भीती वाटतेय ना? चल, आपण बाहेरच्या खोलीत बसू,” एवढे पुरते. भास जीव घेण्यास किंवा दुसऱ्याला मारण्यास सांगत असतील, तर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ज्येष्ठांच्या स्वतःच्या गोळ्या, मग त्या साखरेच्या असोत की रक्तदाबाच्या, मुलाच्या गोळ्यांसह कुलपात ठेवाव्यात.

ठाण्याच्या वेशीवर : भिंतीपलीकडची भीती

मुलुंडनंतर गाडी ठाण्याकडे वळते, आणि या दोन स्थानकांच्या मध्ये प्रादेशिक मनोरुग्णालयाचा विस्तीर्ण, झाडीने भरलेला परिसर आहे. १९०१ साली सुरू झालेली ही संस्था राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक; बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. तिच्याच जमिनीच्या काही भागावर नवे रेल्वे स्थानक व्हायचे आहे. या भागात ‘ठाण्याला पाठवीन’ ही धमकी पिढ्यान्‌पिढ्या थट्टेत वापरली गेली. त्या थट्टेची किंमत आज एखादे कुटुंब मोजते : आजार लपवते, मांत्रिकाकडे जाते, आणि उपचाराचे पहिले मोलाचे महिने हातचे जातात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दाखल करण्याची भीतीही बरीचशी जुन्या चित्रांतून येते. बहुतेक मुलांचे उपचार घरी राहूनच होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करण्यासाठी पालकाचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, घरी राहून उपचार शक्य नाहीत हे पाहावे लागते, मुलांना प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत राहते. मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्याच पायावर द्यावा, असेही हा कायदा सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि मानसिक आजार या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्न व्यक्तीला वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यसंरक्षण मिळते. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येतो. आपल्यामागे काय, या ज्येष्ठांच्या चिंतेला तो एक आधार आहे.

मदतीची दारे या परिसरात आहेत. केईएम, शीव, नायर आणि कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये सुरू केलेले ‘उम्मीद’ केंद्र मुंबईत मुलांच्या विकासविषयक अडचणींसाठी काम करते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापलेली ‘आयपीएच’ ही संस्था आहे. ‘टेलि-मानस’ ही १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली सरकारी दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही उपलब्ध आहे. आणि कुटुंबाला या विषयावर एकत्र बोलणे जड जात असेल, तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट एकत्र बसून पाहावा. तो स्वमग्नतेवर नाही, स्किझोफ्रेनियावर आहे. पण आजारी माणसाभोवतीचे घर कसे थकते आणि कसे तग धरते, हे त्यातून कळते.

ज्येष्ठांसाठी थोडक्यात

• नातवंडाची नेहमीची चाल लिहून ठेवा. बदल तिच्याशी ताडून पाहा.
• दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भीती, बोलणे आणि शिकलेली कामे यांत एकत्र बिघाड दिसला, तर मनोविकारतज्ज्ञांना, शक्यतो मुलांच्या, दाखवा.
• ‘हे ऑटिझममुळेच’ असे उत्तर मिळाले, तर नम्रपणे विचारा, “डॉक्टर, पण हे आधी नव्हतं. शारीरिक कारण किंवा दुसरा आजार पाहायचा का?”
• सायकोसिसचे निदान मिळाले, तर भास आणि भ्रम नेमके कशावरून ठरवले, हेही विचारा.
• काळजी घेणाऱ्याचीही काळजी लागते. आपली झोप, आपली तपासणी, आपला फेरफटका चुकवू नका. आठवड्यातून एक दुपार घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मुलाजवळ बसावे.

उपनगरातल्या प्रत्येक इमारतीत एखादे असे घर असते. तिथल्या आजीला लिफ्टमध्ये कुणी विचारले, “नातू कसा आहे?” तर ती बहुधा म्हणते, “ठीक आहे.” तिला आणखी थोडे बोलायचे असते. शेजारधर्म म्हणून आपण तिच्याबरोबर एक मजला जास्त चढावे आणि ते ऐकून घ्यावे.